घट बसायच्या आधीची पाहणी

आमची गल्ली गलिच्छ आहे हे सरकारला पटवून देण्याची जबाबदारी एकदा आमच्यावर आली होती. ती आम्हाला पार पाडता आली नाही.

गल्ली तुळजापुरात, देवळाच्या मागच्या उतारावर. तोंडाशी कुंकवाची आणि कवड्यांच्या माळांची दुकानं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना दगडमातीची माळवदाची घरं. माळवदं गळायला लागली तशी ज्यानं त्यानं वर पत्रे टाकले होते, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले होते. मधून उघडी गटार. ती उतारानं मोठ्या उत्साहात खाली जायची आणि तळाशी नाल्यापाशी पोचली की उत्साह संपून तिथंच बसायची. मंगळवारी आणि शुक्रवारी यात्रेकरूंची गर्दी झाली की गल्लीला पुरणाचा, फोडलेल्या नारळांचा आणि त्या गटारीचा असा मिळून एक वास यायचा. आता मी धाराशिवला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. इथं कशालाच वास नाही. त्याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले.

तर एका पावसाळ्याच्या अखेरीला आमच्या वॉर्डाचे मेंबर बातमी घेऊन आले. हे गृहस्थ कधी निवडून यायचे, कधी पडायचे, पण गल्लीच्या लेखी ते कायमचे मेंबर होते. बातमी अशी की पडक्या वस्त्यांसाठी मोठी योजना आली आहे. गटारी बंदिस्त होणार, ज्यांची घरं धोक्याची आहेत त्यांना त्याच जागेवर पक्की घरं मिळणार. अट एकच. वस्ती आधी ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून घोषित व्हायला हवी, कारण निधी त्या शब्दाखाली येतो.

दत्ताच्या पारावर बैठक झाली. गटारीबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, शब्दाबद्दल सगळ्यांचं होतं. आमच्यातले एक वयस्कर पुजारी म्हणाले, त्यांच्याकडं लांबलांबचे यजमान पिढ्यानपिढ्या उतरतात, त्यांना काय सांगायचं, गलिच्छ वस्तीत या म्हणून? कुंकूवाल्याच्या मुलीची सोयरीक जमत आली होती. तो म्हणाला, लग्न होईपर्यंत थांबा, मग काय वाटेल ते घोषित करा. मेंबरांनी शब्दाकडं बघू नका, निधीकडं बघा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी बायकांतून आत्या बोलल्या.

“लिवा की गलिच्छ. नावं ठेवल्यानं अंगाला भोकं पडत न्हाईत.”

आत्या म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. त्या माझ्या आत्या नव्हत्या, गल्लीत कुणाच्याच नव्हत्या, पण सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. पुजाऱ्यांकडं उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी पुरणावरणाचा नैवेद्य करून द्यायच्या. त्यांच्या पोळ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, कारण त्यानंतर दुसरं काही लिहावंसं वाटणार नाही. एकुलती लेक सोलापुरात दिली होती. आत्यांच्या घराची मागची भिंत नाल्याच्या बाजूला पोट काढून उभी होती, आणि तिच्यात वरून खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली होती. लेकीनं त्या वर्षी निकरानं सांगितलं होतं की भिंतीचं काही होत असेल तर बघ, नाहीतर दसऱ्यानंतर मी तुला न्यायला येते. जावई चांगला होता, घर मोठं होतं, नळाला पाणी रोज होतं. आत्यांना जायचं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तिथं म्या कुणाची आत्या?”

म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी होकार दिला. भिंत पायापासून बांधायची तर नाल्यात उतरून बांधावी लागणार, आणि ते एकट्या बाईच्या कुवतीबाहेरचं होतं. वस्ती घोषित झाली तर आत्या गल्लीत राहणार, नाही झाली तर सोलापूरला जाणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग पुजाऱ्यांनीही मान हलवली आणि कुंकूवाल्यानंही.

इथवर ठीक होतं. पाहणीचा दिवस कळला आणि घोळ झाला. पाहणी करणारे सरकारी साहेब पितृपंधरवड्याच्या शेवटी येणार होते, म्हणजे घट बसायच्या तोंडावर.

आमच्या भागात घट बसायच्या आधी घर काढतात. घर काढणं म्हणजे घरातली एकूणएक वस्तू बाहेर आणून धुणं, वाकळा नदीवर नाहीतर हौदावर नेऊन आपटणं, जळमटं काढणं, आणि भिंतींना चुना लावणं. वर्षभर घर कसं का असेना, देवी बसते त्या दिवशी ते धुतलेलंच पाहिजे. देवी आमच्या गावचीच असल्यामुळं या बाबतीत सबब चालायची नाही. परगावच्या माणसाला निदान लांब राहतो असं म्हणता येतं.

मेंबर दारोदार फिरले. या वर्षी पाहणी होईपर्यंत कुणी काही धुऊ नका, पुसू नका, आहे तसं राहू द्या, असं हात जोडून सांगून गेले. बायका हो म्हणाल्या. त्या खरंच मनापासून हो म्हणाल्या होत्या, हे मी साक्षीला उभा राहून सांगीन. पण संध्याकाळी कुणीतरी चुना भिजत घातला. भिजत घातला म्हणजे लावला असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं मुद्दा काढला की साहेब ठरल्या दिवशी आले तर ठीक, पण साहेब लोक ठरल्या दिवशी आल्याचं कुणी पाहिलंय? ते लांबले तर जळमटांत घट बसवायचा काय? मी शिक्षक म्हणून आयुष्यभर साहेबांची वाट पाहिलेली, त्यामुळं मी शिडी शोधायला गेलो. तेवढ्यात वरच्या अंगाच्या एका घरानं केकताडाच्या तंतूंचा कुंचा चुन्यात बुडवून भिंतीला लावला. आणि चुन्याचा स्वभाव असा की एक घर पांढरं झालं की शेजारचं आपोआप काळं दिसतं. मग त्या शेजारणीला दम निघत नाही.

साहेब ठरल्या दिवशीच आले. तोवर गल्ली वरपासून खालपर्यंत पांढरी झाली होती, चुन्यात घातलेल्या निळीमुळं उन्हात डोळे दिपत होते. दारादारांत सडा होता. आणि पाहुणे येणार म्हणून बायकांनी सकाळी खराट्यानं गटारसुद्धा धुऊन काढली होती. तिच्यातून स्वच्छ पाणी वाहताना मी त्या दिवशीच पाहिलं. मेंबरांनी गल्लीच्या तोंडाशी येऊन आत पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं.

“वस्ती चांगली ठेवलीय,” साहेब म्हणाले.

“कायम अशी नसती साहेब,” मेंबर अजिजीनं म्हणाले. “एरवी लई घाण असती.”

“कुणाच्या घरी घाण असती, मेंबर?” मागून एकीनं विचारलं. “तुमच्या का?”

मेंबरांना त्या दिवशी फार सोसावं लागलं. प्रत्येक घरापाशी ते साहेबांना पूर्वीचे हाल सांगायचे आणि प्रत्येक घरातली बाई ते खोडून काढायची. पावसात पाणी आत येतं ना, असं ते विचारायचे. येतं की, पण लगेच काढतो आम्ही, असं उत्तर यायचं. चहा चांगल्या कपांतून आला. साहेबांनी तो तीनचार घरी घेतला.

शेवटी सगळे आत्यांच्या घरात शिरलो. मेंबरांची सगळी भिस्त आता त्या भेगेवर होती. भेग नव्हती. आत्यांनी भुसा घातलेला चिखल भरून ती बुजवली होती आणि वरून दोनदा चुना दिला होता. त्या भिंतीशीच त्यांचं देवघर होतं, घट तिथंच बसायचा. जागा सारवून वर रांगोळीही काढून झाली होती. मागून नाल्यात उतरून बघितलं असतं तर भिंतीचं पोट कुणालाही दिसलं असतं. मेंबरांनी तसं सुचवलं. साहेबांनी खिडकीतून नाल्याकडं पाहिलं, मग दारात काढलेल्या आपल्या बुटांकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. ते आत्यांना म्हणाले, चुना थोडा खरवडून दाखवा, भेग दिसली पाहिजे, फोटो लागतो.

आत्या हलल्या नाहीत. मेंबर पुढं होऊन स्वतःच्या नखानं खरवडणार होते, पण आत्यांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांचा हात तिथंच थांबला. मीही म्हणालो, आत्या, घडीभराचं काम आहे, परत लावून घेऊ.

“मास्तर, घट बसायच्या जागेला नखं लावू व्हय?” त्या मला म्हणाल्या. मग साहेबांकडं वळून, “तुमी दसरा झाल्यावर या. भिंत पाडून दावते.”

साहेब हसले, बाहेर जाऊन बूट घातले आणि गेले.

त्या वर्षी दुसरी वस्ती घोषित झाली. आमची सुस्थितीत निघाली. मेंबरांनी ते पारावर येऊन एखाद्याच्या निधनाची बातमी द्यावी तसं सांगितलं. बायकांनी हळहळ केली, पण चेहऱ्यावर थोडा आनंद होता तो लपला नाही. सरकारनं आम्हाला स्वच्छ ठरवलं होतं. हा मान मिळाल्यावर लगेच गटार तुंबली.

आत्यांची लेक पौर्णिमेनंतर आली. नेहमीसारखी आठ दिवसांसाठी नेते असं ती म्हणत होती, आणि ठाऊक असूनही आम्ही तसंच धरून चाललो होतो. पण आत्यांनी देवघरातले टाक कापडात गुंडाळून पिशवीत ठेवले तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायकांना तसं धरून चालता येईना. देव घेऊन माणूस आठ दिवसांसाठी जात नाही. आत्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली स्वतःजवळच ठेवली.

पुढचं नवरात्र मला आठवतं. गल्ली सगळी पांढरी, आणि मधेच एक काळं घर. त्याच्यापुढच्या पावसाळ्यात मागची भिंत नाल्यात गेली आणि पाठोपाठ माळवद. आवाज ऐकून आम्ही धावलो. घरात कुणी नव्हतं हे माहीत असूनही सगळे आत्यांना हाका मारत होते.

मग दुसरी पाहणी झाली. या वेळी साहेब दुसरे होते आणि मेंबरांना काही बोलावंच लागलं नाही. साहेबांनी आत्यांच्या घराचे समोरून, बाजूनं, शेजारच्या पत्र्यावर चढून फोटो काढले. एवढ्या मालमसाल्यावर कुठलीही वस्ती घोषित झाली असती. जाताना त्यांनी विचारलं, हे घर कुणाचं, इथं राहतं का कुणी? कारण राहत नसेल त्याला नवं घर मिळणार नव्हतं.

माझ्या बायकोनं आयुष्यात फारसं खोटं सांगितलेलं नाही. ती म्हणाली, “राहतात की. लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात सोलापूरला.”

लेक तेव्हा पंचेचाळिशीची असेल. पण सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. पुजाऱ्यांनी, देवळात ज्या आवाजात संकल्प सांगतात त्याच आवाजात, व्हय व्हय, अवघडलेली होती म्हणून सांगितलं. गलिच्छ आहोत हे खोटं आम्हाला धड सांगता आलं नव्हतं. हे आलं.

भूमिपूजनाला मोठा मांडव पडला. व्यासपीठावर इतकी माणसं होती की भूमी दिसत नव्हती. आत्यांचं पडकं घर फोटोत वाईट दिसेल म्हणून त्याच्यापुढं पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा फलक लावला होता. भाषणांत दूरदृष्टीचा उल्लेख बराच झाला. भिंतीचा कुणी केला नाही.

गल्ली पाडली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आम्ही धाराशिवला आलो ते तात्पुरतं म्हणून, आणि राहिलो. आता गल्लीच्या जागी तीन मजली इमारती आहेत. गटार जमिनीखालून जाते, कुठं तुंबते ते कळत नाही. दारं बंद असतात. वाईट काही नाही. पावसात कुणाच्या घरात पाणी येत नाही, हे लिहायला मला आनंदच आहे, फक्त पाणी काढायला एकमेकांकडं जाणं आता राहिलं नाही.

किल्ल्या वाटल्या त्या दिवशी मी गेलो होतो. आत्याही आल्या, लेकीबरोबर. खालच्या मजल्यावरची खोली मिळाली. लेकीचा बेत असा की ताबा घ्यायचा, कुलूप लावायचं आणि संध्याकाळच्या बसनं दोघींनी परत जायचं. आत्यांनी आत जाऊन चारी भिंतींवर हात फिरवला, मागच्या भिंतीवर जरा जास्त वेळ. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पिशवीतून टाक काढले. लेक दारातच उभी राहिली. ती काही बोलायच्या आधी जिन्यात जमलेल्या बायका बोलल्या.

“जा गं तू आता निवांत. तुझ्या बाळंतपणाला लई दिस ऱ्हायली तुझी आई.”

लेकीला काही कळेना. माझ्या बायकोनं तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती आधी संतापली, मग पदरात तोंड घालून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. तिनं आईला दूध, गॅस, औषधाच्या गोळ्या यांबद्दल बरंच काही बजावलं. आत्या सगळ्याला व्हय म्हणत होत्या आणि कुणाकडं तरी पाट मागत होत्या.

सोलापूरच्या बसपर्यंत आम्ही दोघं लेकीला सोडायला गेलो. ती खिडकीशी एकटीच बसली, शेजारी रिकामी पिशवी ठेवून.