कपांखालचं पान

रक्तपेढीतल्या टाचणीताईंना हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. वस्तू जशी आली तशी वापरायची, हे त्यांना जमायचंच नाही. टेबल आलं की त्याला फळी ठोक, फाइल आली की तिला खिसा शिव! मग पेढीची वेबसाइट हाती आल्यावर ती कशी सुटणार? दुर्मिळ गटाच्या दात्यांचं पान तर त्यांनी नऊ वर्षं खपून पार मनासारखं करून घेतलं होतं. कुणाला कधी, कुठे गाठायचं हे लिहायला रकान्यात जागा नव्हती, म्हणून ती टिपणं त्यांनी सरळ पानाच्या साच्यातच घुसडली होती.

त्या सकाळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढली आणि साडेबाराला प्रसूतिगृहातून फोन आला. सहाला एका गरोदर बाईचं सिझेरियन होतं. रक्त दुर्मिळ गटाचं, साठ्यात एक पिशवी नाही, आणि रक्त आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. तपासणीचा वेळ धरला तर दाता तीनला खुर्चीत बसायला हवा.

ताईंनी पान उघडलं. पांढरं फटक! बाकीची, हात न लावलेली पानं मात्र ठणठणीत.

सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणाला, "तुम्ही साचा बदललाय ना, तो नव्या आवृत्तीला चालत नाही. 'मूळ साच्यावर आणा' हे बटण दाबा, पान लगेच उभं राहील."

"आणि माझी टिपणं?"

"ती जाणार. जुनी प्रत उद्या काढून देतो."

"उद्या काय तिचं लोणचं घालू?"

पण दुसरा मार्ग नव्हता. ताईंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. पान आलं, नुसती नावं आणि नंबर घेऊन, मुंडण केल्यासारखं बोडकं. त्या गटाचे दाते तीन. पहिला परदेशात, दुसरा तापानं फणफणलेला. तिसरा वेल्डर. त्याचा फोन नुसता वाजतोय. अकरा वेळा लावला. तेव्हा ताईंना आठवलं, टिपण होतं: कामावर फोन पेटीत ठेवतो, कारखाना रोज बदलतो, सासूबाईंना विचारा. सासूबाईंचा नंबर? तो पुसला गेला. पावणेदोन वाजले.

चहावाल्या मावशींनी कप आणून आपटला. "किती वेळ त्या खोक्याकडे बघशील? घे."

"माझं पान गेलं हो, मावशी."

"कुठलं? दर सहा महिन्यांनी छापतेस, आणि दोन ओळी बदलल्या की फेकतेस, ते? माझ्या कपाटात कपांखाली तेच अंथरलंय की! त्यापायी तुझी बोलणीसुद्धा खाल्लीत मी."

ताई धावल्याच. खळखळ कप उतरवले. तिसऱ्या कागदावर वेल्डर सापडला. पण नंबराच्या शेवटच्या आकड्यावर चहाचं वर्तुळ. तीन की आठ?

तीन लावला. "इथे कुणाची सासू राहत नाही," एक पुरुष खेकसला, "आणि मला नकोही!"

ताईंनी आठ लावला आणि वेल्डरचं नाव घेतलं.

"जावई? काय करून बसला आता?"

"काही नाही हो आजी, त्याचं रक्त हवंय."

"एवढंच ना? थांबा, आणते धरून."

तीनला पाच कमी असताना वेल्डर आला. हात काळे, मनगट सासूबाईंच्या मुठीत. "पळणार नाही हो, आई," तो कळवळून म्हणाला, "सोडा आता!"

साडेसातला प्रसूतिगृहातून फोन आला: आई आणि मुलगी, दोघी सुखरूप. मग कुठे ताईंनी तो गार चहा घशाखाली ओतला.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरवाल्यानं जुनी प्रत पाठवली. "परत तुमच्यासारखं करून देऊ?"

"नको, मूळच राहू दे," ताई म्हणाल्या. सगळी टिपणं त्यांनी एका वहीत उतरवून काढली, मग मोठ्या अक्षरात छापली आणि एक प्रत मावशींपुढे धरली.

"ही कपांखाली घाला. आणि सांडू नका काही!"