भुतचकरी

कांचनबाई शिर्के पहिल्यापासून भित्र्या. पाल, वीज, पावसाळ्यात अकोट्याच्या पुलाखाली फुगलेली विश्वामित्री नदी, अवेळी वाजलेली दारावरची बेल, सगळ्यांनाच त्या घाबरायच्या आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे. पण खरी भीती कशाला म्हणतात ते त्यांना कळलं दोन हजार आठ साली, भर दुपारी, तांदूळ निवडायचं ताट मांडीवर असताना. समोर संगणक होता आणि पडद्यावर लिहिलं होतं, 'बडोदेकर कट्टा महिनाअखेरीस कायमचा बंद होत आहे. लोभ असावा.'

कट्टा म्हणजे जगभर पांगलेल्या बडोद्याच्या मराठी मंडळींची वेबसाइट. परदेशी राहणाऱ्या कुणा हौशी गृहस्थाने ती काढली होती. लोक तिथे पाककृती देत, जुने फोटो लावत आणि सवड मिळाली की एकमेकांची उणीदुणी काढत. कांचनबाईंना त्यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्या तिथे जायच्या एकाच माणसासाठी. त्यांचा मुलगा समरजित घर सोडून गेला होता, आणि तो आईशी बोलायचा ते फक्त तिथेच.

घर का सोडलं, तर मोहनरावांमुळे. हे त्यांचे यजमान. रिफायनरीतून निवृत्त झाले, पण शुद्धलेखनातून काही निवृत्त झाले नाहीत. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत आले तेव्हापासून आपण बडोद्यात, पण घरात मराठी शुद्धच हवी, हा त्यांचा हट्ट. पोरगं वाढलं गुजराती पोरांत. 'आई, बारी बंद कर ने,' असं ते म्हणालं, की मोहनराव ताटावरून मानही वर न करता म्हणत, "खिडकी." वीस वर्षं हेच. शेवटी कॉलेज सोडण्यावरून वाजलं आणि एक दिवस टेबलावर चिठ्ठी सापडली, 'मी जातो. शोधु नका.' मोहनरावांनी ती वाचली, आणि सवयच मेली, लाल पेन्सिलीने 'धु' दीर्घ केला.

कांचनबाईंनी ते पाहिलं. त्यानंतर त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

वर्षभराने कट्ट्यावर निरोप आला. 'आई मी बरा आहे. कुठे आहे ते विचारु नको. विचारलंस तर परत लिहिणार नाही.' या धाकाखाली त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढंच नव्हे, रिफायनरीच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून आपण अकोट्याला आलो, फोन नंबरही बदलला, हेसुद्धा सांगितलं नाही. घराचं नाव काढलं आणि पाखरू उडालं तर? कट्टा आहे तोवर तो आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आता कट्टाच जाणार होता.

त्यांनी घाईघाईने नवा पत्ता, नंबर सगळं लिहून टाकलं. समरजित मात्र तिकडे फिरकला नाही. महिना संपला. मग एका सकाळी कट्ट्याच्या जागी इंग्रजीत एक ओळ उरली, की असं पान सापडत नाही. मुलगा जिवंत असून हरवला, आणि कट्ट्याचं दार लावून घेणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नाही.

समोरच्या फ्लॅटमधला आनंद वेबसाइट बनवायचं काम करायचा. त्या त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्यांना धड बोलताही येईना.

"काकी, बेसो पहिले," खुर्ची पुढे करत आनंद म्हणाला. "कट्टा तुमचा नव्हताच ने. दुसऱ्याच्या घरातला दिवाणखाना तो. मालकाने ताळा मारला, बस, खलास. आणि त्याचा फॉन्टपण खासगी. तुम्हाला मराठी दिसायचं, पण मशीनला तो नुसता कचरा. बाहेरून शोधून काही मिळणारच नाही."

"मग आता?"

"तुमचं स्वतःचं पान काढू. युनिकोडमध्ये. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, सगळ्या जगाने मिळून ठरवलेलं. त्यात लिहिलेलं मराठी कुठल्याही मशीनला मराठीच दिसतं. तुमचं पान तुमचं, माझं माझं, आणि एकमेकांकडे जायला वाट उघडी."

हे मात्र कांचनबाईंना लगेच समजलं. कॉलनीत दिवाळीला हेच तर चालायचं. प्रत्येक घरची चूल आपली, फराळ आपला, आणि रुमालाखाली झाकलेली ताटं या घरातून त्या घरात. कुणी आजारी पडलं तर त्या घरचं एक ताट कमी व्हायचं, कॉलनीची दिवाळी काही थांबायची नाही. सगळ्यांचा फराळ एकाच बाईच्या कपाटात ठेवायची अक्कल तिथे कुणी चालवली नव्हती. इथे आपण नेमकं तेच केलं, असं वाटून त्यांना स्वतःचा राग आला.

"पण तो त्या पानावर येणार कसा?"

"तुमच्या घरातला असा एखादा शब्द द्या, जो दुसरीकडे कुठे नसेल. त्याने तो शोधला, की सगळ्या जगातून फक्त तुमचं पान निघेल."

शब्द होता. घाण्याच्या शेवटी कढईत राहून काळी पडलेली चकली समरची असायची. लहानपणी त्यानेच तिला नाव दिलं होतं. कांचनबाईंनी पानाच्या माथ्यावर ठळक लिहिलं, 'भूतचकली', आणि खाली नवा पत्ता, फोन आणि ईमेल.

दिवाळी आली. पानावर कुणी येऊन गेलं का, ते आनंदने दाखवून दिल्याप्रमाणे त्या रोज पाहायच्या. कुणी आलं नव्हतं. पेपरातली अपघाताची बातमी त्या आधी नावांसाठी वाचायच्या. फोन वाजला की छातीत धडधडायचं, थांबला की जास्तच. दिवाळी गेली. तो शोधतच नसेल, किंवा शोधायला उरलाच नसेल, हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना.

एका दुपारी मोहनराव खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्यावरचा ठळक शब्द वाचला.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

कांचनबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "आता यातही चुका काढा तुम्ही."

"सरक जरा." मोहनराव बसले. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी 'ली' खोडून 'री' केला, मग 'भू' खोडून 'भु' केला. भुतचकरी. "तो असंच लिहील. चकली कधी म्हणाला तो? गुजराती पोरांसारखं चकरीच म्हणायचा. आणि दीर्घ ऊ त्याने जन्मात दिला नाही."

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या धाकाने कांचनबाईंचंही मराठी शुद्ध होऊन बसलं होतं, आणि त्या शुद्ध शब्दात पोराला घर सापडणार नव्हतं.

"मला फार भीती वाटते गं," मोहनराव म्हणाले. हे त्यांनी पूर्वी कधीच म्हटलं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि नंतर एके दिवशी पानावर लिहिलेल्या पत्त्यावर मेल आली. नाव पाहून कांचनबाईंना ती उघडवेना. मोहनरावांनी उघडली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचली.

'आई, भुतचकरी ठेवलीस का? पप्पा रागावणार नसतील तर मी येउ का?'

'येउ'पाशी ते थांबले नाहीत. लाल पेन्सिल खिशातच राहिली. कांचनबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मोहनराव उठले, खोलीच्या रस्त्याकडच्या बाजूला गेले आणि कडी काढू लागले.

"काय करताय?" कांचनबाईंनी विचारलं.

"बारी उघडतोय," ते म्हणाले. "इथून फाटक दिसतं."