कच्च्या चुन्यावरचा निळा

मी वामनला फसवलं. आमच्या अनसिंग गावात ही गोष्ट उलटी सांगतात: वामननं किसन पेंटरची, म्हणजे माझी, भिंत पळवली आणि किसननं मोठ्या मनानं सोडून दिलं. ती तशी सांगायला सुरुवात मीच केली. खरं काय घडलं ते मी बायकोला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, वामनला तर नाहीच. आज पहिल्यांदा सांगतो आहे, तेही तुम्हाला. मध्येच आडवाटेनं जाईन. सौदे करत आयुष्य गेलेला माणूस सरळ मुद्द्यावर येत नाही.

आधी माझी तक्रार ऐका. ती अजून जिवंत आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. आमच्या वस्तीनं श्रमदानातून विहार बांधला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर पत्र्याच्या खोलीत चाललेली वंदना आता पक्क्या भिंतीत येणार होती. समोरची भिंत मोठी, सात हात रुंद. तिच्यावर पिंपळाखाली बसलेला बुद्ध काढायचा आणि मागे सगळं आभाळ निळं, असं ठरलं. आणि ती भिंत कुणाची? माझी. दुसरं कोण होतं? मजुराच्या पोटी जन्मून मी अकोल्याला गेलो, एका उस्तादाच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवायला शिकलो, परत येऊन बाजाररस्त्यावर रंगाचं दुकान टाकलं. पण पोट कशावर चाललं होतं? 'येथे पीठ दळून मिळेल.' 'उधार बंद.' अक्षरं, नुसती अक्षरं. मला चेहरे काढायचे होते. त्या भिंतीची मी गवंडी कामाला लागले त्या दिवसापासून वाट पाहत होतो.

आणि मग मी काय केलं — त्या भिंतीचाही भाव केला. देवमनबाबा समितीचे प्रमुख. त्यांनी आकडा सांगितला, मी दुप्पट सांगितला. ते म्हणाले, "किसन, विहार आपला आहे बापा, बाजार नाई." मी चिडलो. उठलो, चपला घातल्या, निघालो. सौद्यात हे चालतंच. माणूस उठतो, हळूहळू चालतो, आणि मागून हाक येते. मी गल्लीच्या वळणापर्यंत इतका हळू चाललो की कुणाला वाटावं पायात काटा आहे.

हाक आली नाही.

आजही मला त्याचा राग येतो. एक हाक मारायला काय जात होतं? मी परतलो असतो. फुकटही केलं असतं कदाचित, पण बोलावल्यावर. त्यांनी बोलावलं नाही, आणि आठ दिवसांनी कळलं की भिंत वामनला दिली.

वामन म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतला खडी फोडणारा पोरगेला माणूस. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. दुष्काळी कामावर फुटक्या दगडांवर कोळशानं माणसं काढायचा — मुकादम, मुकादमाची छत्री, पाणी पाजणारी म्हातारी. शिकवलं कुणी? कुणीच नाही. त्यानं समितीला सांगितलं होतं, "रंगाचे पैसे द्या, हाताचे नका देऊ." मी दुकानात बसून दात खाल्ले. असली माणसं धंदा बुडवतात, असं चार जणांना सांगितलं. माझी भिंत चोरली, हेही तेव्हाच सांगितलं.

आता पुढचं. हेच मी टाळत होतो.

चैत्रातली सकाळ. वामन माझ्या दुकानात आला. दुसरं रंगाचं दुकान वाशीमशिवाय नव्हतं. हातात कापडी पिशवी, बोटांच्या पेरांवर चुन्यानं सोललेली कातडी. लांबूनच कच्च्या चुन्याचा वास आला. मला तो वास ओळखता येतो. भिंतीला चुना लावून पुरते आठ दिवसही झाले नव्हते.

"भाऊ, गर्द निळा द्या. पहाट व्हायच्या आंधी आभाय रायते ना, तसा."

मी पूड काढली. तो तिच्याकडे बघत राहिला, लहान मूल गुळाकडे बघतं तसा. मग म्हणाला, "चुन्यावर बसते ना हा? आमची माय तं चुन्यात नीळच टाकते. निळ्याचं अन् चुन्याचं जमते, नाई का?"

इथे तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. आमच्याकडे घर पोतताना चुन्यात कपड्यांची नीळ टाकतात, भिंत झळकते. ती नीळ चुन्यात टिकते. पण मी काढलेली गर्द निळी पूड वेगळी. कच्चा चुना तिला खातो. आधी हिरवट करतो, मग तपकिरी, मग निव्वळ गंज. अकोल्याच्या उस्तादानं पहिल्या महिन्यातच बजावलं होतं — "चूना कच्चा हो तो ये नीला मत छूना, खा जाएगा." मला ते माझ्या नावासारखं पाठ होतं. सांगायला लागलं असतं एक वाक्य. थांब महिना-दोन महिने, नाहीतर नीळ वापर. एवढंच.

मी म्हणालो, "जमते."

पूड तोलली. वर चिमूटभर जास्त टाकली. का टाकली? कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून, की मी त्याला कमी दिलं नाही. इतका विचार करून केलेलं आहे ते. रागाच्या भरात तोंडातून गेलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

वैशाखी पौर्णिमेला चित्र उघडलं. मी मागे उभा राहिलो. खोट काढायला गेलो होतो. बुद्धाचा डावा हात जरा लांब झाला होता, पण चेहरा — काय सांगू? डोळे मिटलेले होते आणि तरी तो आपल्याकडे बघतो आहे असं वाटत होतं. मागे ते आभाळ, गर्द, खोल. माझी आई शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. आणि मी मनात दिवस मोजत होतो.

मृगाचं पाणी पडलं, भिंतीला ओल आली, आणि सुरू झालं. आषाढापर्यंत पिंपळाच्या मागचं अर्धं आभाळ मातीच्या रंगाचं झालं होतं.

आणि आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास. तीन महिने रोज सगळी वस्ती विहारात ग्रंथवाचनाला बसते. कुठे तोंड करून? त्याच भिंतीकडे. वामनही रोज येऊन बसायचा, आणि वाचन सुटलं की टोमणे.

"काहून बे वामन्या, आभायाले गंज चढला का?"

"भगवंताले मातीच्या घरात बसवून राह्यला काय तू?"

तो हसायचा. "पावसाचं आभाय असंच रायते, काका. उघडलं का निळं होईन." हसायचा खरा, पण मी त्याच्या मागेच बसायचो. त्याची मान दिसायची. मान हसत नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, रंगात भेसळ असेल, पैसे खाल्ले असतील. समितीनं बैठक बोलावली आणि मला विचारलं, कारण रंग माझ्या दुकानचा. सांगायची दुसरी संधी चालून आली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "रंग चोख होता. हातच कच्चा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. वामननंही डोलावली. त्याला ते पटलं होतं. हे मला अजून सहन होत नाही. त्याला खरंच वाटलं की आपला हातच कच्चा.

भिंतीला पुन्हा चुना मारून टाकायचं ठरत होतं. वामन पहिल्यांदाच बोलला. "चुना नका मारू, बाबा. येत्या वैशाखापर्यंत थांबा. काहून झालं ते पायतो अन् मीच दुरुस्त करतो." देवमनबाबांनी मुदत दिली. मागून कुणीतरी म्हणालं, "पायत बस आता आभायाकडे."

तो खरंच बघत बसला. स्वतःच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला त्यानं चुना लावला आणि तळहाताएवढे चौकोन रंगवले — निळे, हिरवे, पिवळे, एक डिंकातला, एक सरसातला, एक तेलातला. खाली कोळशानं तिथी लिहिली. सकाळी खडीवर जायच्या आधी त्यांच्यावर पाणी शिंपडायचा आणि उकिडवा बसून बघायचा. विहिरीवरून येणाऱ्या बाया म्हणायच्या, याच्या घराला गोधडी पांघरली. चौकोन खराब झाला की खरवडायचा, पुन्हा लावायचा. खडीच्या मजुरीतून रंग माझ्याकडूनच न्यायचा. आणि मी विकायचो.

माझा दुकानाचा रस्ता त्याच्या घरावरून होता. त्याच्यासमोर तो गर्द निळा चौकोन रोज थोडा थोडा मरताना मी पाहिला आहे. एका सकाळी तो त्यावर बोट फिरवत होता, एखाद्याचा ताप बघावा तसा. एक वाक्य, किसन. फक्त एक. मी काय केलं? दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागलो.

मला वाटत होतं, कंटाळेल. कोण नाही कंटाळत? मी स्वतः एका हाकेवाचून चित्रं सोडून दिली होती. तो कंटाळला नाही. माघात त्याला उत्तर सापडलं. आईच्या निळीचा चौकोन जसाच्या तसा होता. फाल्गुनात त्यानं विहारातलं सगळं आभाळ खुरप्यानं खरवडलं, आणि नीळ डिंकात घोटून पुन्हा भरलं. हे आभाळ पहिल्याइतकं गर्द नव्हतं. उजाडल्यावरचं होतं, फिकं, मोकळं. माझ्यातल्या पेंटरनं खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा चांगलं होतं. ते टिकलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी कदाचित लिहायला बसलो नसतो.

वैशाखी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी वामन दुकानात आला. बाकावर बसला, चहा घेतला. मग जरा संकोचून म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? राग नका येऊ देऊ. कच्च्या चुन्यावर तो गर्द निळा नका टाकत जाऊ. चुना त्याले खाते. तुमी बोर्डावाले, तुमचं भित्तीचं काम कमी, म्हनून सांगतो. माह्यं साल गेलं ते गेलं. तुमचं नको जायाले."

समजतं आहे का तुम्हाला? जे मी त्याच्यापासून लपवलं, ते त्यानं वर्षभर दगड फोडून शोधलं आणि मला आणून दिलं. मोबदला नाही, अट नाही, भाव नाही.

आणि मी म्हणालो, "असं? मले नव्हतं मालूम."

हे खोटं आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट. ती हेव्यातून आली. हे मात्र मी त्याच्या प्रेमासमोर बसून बोललो, त्याच्यासोबत चहा घेऊन झाल्यावर, डोळ्यांत बघून.

तो उठताना म्हणाला, शिरपूरकडच्या एका वस्तीनं विहाराची भिंत रंगवायला बोलावलं आहे, चला की सोबत. हाक शेवटी आली ती त्याच्याकडून. मी दुकान बंद केलं आणि एसटीत बसलो. त्या भिंतीवर मी फक्त पिंपळाची पानं काढली, तीन दिवस, नुसती पानं. किती वर्षांनी हातात अक्षरांशिवाय काही आलं होतं. त्यानंतर आम्ही बरोबर फिरलो — धनज, कारंजाकडची गावं, नावं आता आठवत नाहीत इतकी. काही भिंतींवरचे चेहरे माझे आहेत. मला चेहरे काढायचे होते ना? काढले. पोट भरून काढले. नवा रंग बिघडला की मी डबा फेकायचो, शिव्या द्यायचो. तो डबा उचलून आणायचा आणि म्हणायचा, "भाऊ, थोडं थांबून पाहू." माझ्या आयुष्यात जे काही चित्र म्हणावं असं झालं, ते त्या थांबून बघण्यातून झालं. हे ऋण मी रोज मोजतो आणि मला त्याचा आनंद होतो. इतका आनंद व्हायचा मला हक्क आहे का, ते माहीत नाही, पण होतो.

त्याला कळलं होतं का? उस्तादाकडे शिकलेल्या माणसाला एवढं साधं माहीत कसं नसेल, हे त्याच्या कधीच मनात आलं नसेल? कधी कधी वाटतं, आलं असेल. त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तीस वर्षं एका ताटात जेवलो.

वामन आता नाही. त्याची मुलगी रत्ना वाशीमला शाळेत चित्रकला शिकवते. विहारात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम आहे, पुस्तिका निघते आहे. तिनं मला दोन पानं मागितली. म्हणाली, "मोठेबाबा, बाबाले हात धरून शिकवलं ते तुमीच. तुमीच लिहा." वस्तीचंही आता तसंच म्हणणं आहे. शाल द्यायचं ठरवलं आहे मला.

ही ती दोन पानं. माफी मागत नाही, ती देणारा माणूस उरलेला नाही. शाल नको. पण कार्यक्रमात मला खुर्चीवर बसवून ठेवू नका. वस्तीसमोर उभं करा, आणि रत्ना, तू विचार — माझ्या बापाचं एक वर्ष तुम्ही काहून घेतलं? सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार, आणि मी उत्तर देईपर्यंत बसू देऊ नकोस. म्हातारा झाला म्हणून सोडू नका.