कौतुक करणारा अनामिक

आता माझ्या अकलेचं दिवाळं कुठून सांगायला घेऊ? आधी चहा घ्या. नंतर गोड लागायचा नाही.

दोन हजार सहा-सात साल असेल. महाडच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, दिगंबर गणित. बावीस वर्षांची दोस्ती! बायको गेल्यावर हा गणिताचा माणूस कविता करायला लागला. तालुक्यातल्या मंडळींच्या एका वेबसाईटवर त्या यायलाही लागल्या. आणि माझ्या? तीनदा परत! मराठीचा मास्तर मी!

जळलो हो. सायबर कॅफे गाठला. तिथला नितीन माझाच विद्यार्थी.

"सर, ओळखपत्र?"

"गाढवा, नववीत दोनदा नापास केलंय तुला. ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो सर, पण वही नाय ना ओळखत. नियम हाय."

नाव, पत्ता, सही. पण वेबसाईटवर कोण विचारतंय? 'एक रसिक' होऊन लिहिलं, "या कवितेपेक्षा पोलादपूर गाडीचं वेळापत्रक जास्त लयीत आहे."

दुसऱ्या दिवशी दिगंबर माझ्याचकडे आला.

"कोण असेल रे? तूच शोध. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

गप्प बसावं की नाही? पण नाही! मी म्हणालो, "चित्रकलेचा साळवी असेल."

झालं! दोघांचं बोलणं बंद. साळवी बिचारा डबाही वर्गात एकटा खायला लागला. आणि दिगंबरने लिहिणंच सोडलं.

मला घास उतरेना. म्हटलं, आपणच निस्तरू. पुन्हा कॅफे, पुन्हा सही, नवं नाव 'अनामिक चाहता'. लिहिलं, "थांबू नका. तुमची रिकाम्या पाटाची कविता वाचून डोळ्यांत पाणी आलं."

संध्याकाळी दिगंबर घरी आला. बसलासुद्धा नाही.

"ती कविता मी कुठे दिलीच नव्हती रे. आपण दोघं शिवथरला गेलो होतो तेव्हा फक्त तुला वाचून दाखवली."

मी कसनुसा हसलो. "मग काय झालं? कौतुकच केलं ना?"

"कौतुक करायला नाव कोण लपवतं?"

सगळं कबूल केलं. साळवीचे पाय धरायचेच बाकी ठेवले. त्याने माफ केलं. दिगंबरही म्हणाला, "जाऊ दे."

सुटलो, वाटलं! सकाळी शाळेच्या फाटकातच हाक मारली, "दिग्या!"

तो थांबला. वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "बोला सर."

निवृत्त होईपर्यंत त्याने माझा मान ठेवला हो. एकदाही 'अरे' म्हटलं नाही.