चिखलाचं गाणं

आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी एकदा वर्गात छातीठोकपणे सांगितलं, "या कविता ज्यानं मनापासून वाचल्या, तो माणूस पुन्हा कधी युद्धाच्या बाजूनं बोलणार नाही." वाशीचं कॉलेज तेव्हा नवंकोरं होतं. भिंतींना चुन्याचा वास यायचा आणि बाकं अजून कुणी कोरली नव्हती. इंग्रजी साहित्य घेतलेले आम्ही मोजकेच. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांनी लिहिलेल्या चार-पाच कविता आम्हाला अभ्यासाला होत्या. मॅडम त्या वाचताना मध्येच चष्मा काढून पुसायच्या. बाकीचे परीक्षेला येईल तेवढं लिहून घेत होते. माझं डोकं मात्र त्या एका वाक्यापाशी अडकलं. कविता वाचून माणूस खरंच बदलतो? म्हणजे सर्दीवर गोळी घ्यावी, तसं?

माझा स्वभाव पहिल्यापासून असा, की कुणी काही ठासून सांगितलं की मला ते ताडून बघावंसं वाटतं. त्यावरून घरी बोलणीही खूप खाल्ली आहेत.

आणि ताडून बघायला माणूस घरातच होता. माझा धाकटा भाऊ.

आम्ही दिघ्याला राहायचो. खोलीच्या मागे डोंगर, पुढे ठाणे-बेलापूर रस्ता आणि रस्त्यापलीकडे कारखाने. मूळचे आम्ही रत्नागिरीकडचे. वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले, नंतरही बरीच वर्षं पलटणीत काढलेले, आणि आता तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर दरवान. आजोबाही सैन्यातले. मध्ये एक काळ असा होता की इंग्रज सरकारनं अस्पृश्य म्हणून आमच्या लोकांची भरतीच बंद करून टाकली होती. ती पुन्हा उघडावी म्हणून गावोगावच्या म्हाताऱ्या पेन्शनरांनी अर्ज केले, सह्या-अंगठे गोळा केले; त्यात आजोबांचाही अंगठा होता. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली जायची की ऐकणारा कंटाळायचा, पण सांगणारा कधी कंटाळला नाही. गणवेश ही आमच्याकडे नुसती नोकरी नव्हती. ज्या दारातून हाकललं, त्याच दारातून ताठ मानेनं आत जाणं होतं ते.

तेव्हा भावानं भरती व्हायचं हे त्याच्या बारशालाच ठरल्यासारखं होतं. वडील त्याला रोज सकाळी डोंगरावर पळवायचे. आई त्याला अंडी खायला घालायची आणि मला नुसता चहा. भावाचीही तक्रार नव्हती. त्याला भरतीचं वेडच होतं. आरशासमोर उभा राहून तो स्वतःलाच सॅल्यूट मारायचा.

मला मात्र त्या कवितांनी झोपू दिलं नव्हतं. चिखल, उंदीर, विषारी वायू. वायूचं तर मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांकडून असा काही दर्प यायचा की डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि वडील आम्हा सगळ्यांच्या नाकातोंडाला ओले पंचे बांधायचे. पंचा बांधायची त्यांची घाई मला लहानपणी गमतीची वाटायची. कवितेतला वायू वाचताना मला थेट आमची खोली दिसली, आणि पंचा न मिळालेला माझा भाऊ दिसला. मग भीतीच बसली. याला जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

सरळ सांगून तो ऐकणारा नव्हता. "ताई, तू पुस्तकं खा, मी अंडी खातो," असं म्हणायचा. इंग्रजी कविता वाचून दाखवायला गेले तर पहिल्या ओळीलाच जांभई. तेव्हा मला एक नामी युक्ती सुचली, निदान तेव्हा ती नामी वाटली. जयंतीचा कार्यक्रम जवळ आला होता. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती, तिच्यावर भावाचा जीव. त्याच पार्टीच्या तोंडून त्याला ऐकवायचं. मॅडमनी वर्गात जे जे सांगितलं होतं, ते सगळं आठवून मी स्वतःच मराठीत एक गाणं रचलं. त्यातल्या चार ओळी अजून पाठ आहेत:

चिखल गुडघाभर गं आये, चिखल गुडघाभर,
बूट राहिला मातीत माझा, पाय आला वर.
शेजारचा तो गडी, आये, कालच हसला होता,
आज त्याच्या पाठीवरनं रस्ता आमचा होता.

काव्य म्हणून फार ग्रेट नाही, पण लिहिताना माझी मीच रडले होते.

आमचा शाहीर दिवसा रबराच्या कारखान्यात काम करायचा आणि संध्याकाळी गळा तापवायचा. त्यानं गाणं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "एकदम कडक! लडाईवर आपल्याकडं नवीन गानंच न्हवतं." मग त्यानं ढोलकीवाल्याला खूण केली आणि जो काही ठेका धरला, तो ऐकून मी उडालेच.

"अहो, हे दुःखाचं आहे," मी म्हटलं.

"मग? दुःखाला ठेका नको? ताई, लोक उठून भजी खायला जातील."

"हळू म्हणा ना जरा."

"हळूच हाय हे. फास्ट अजून तुमी ऐकलंच न्हाय."

शिवाय एक रिवाज आड आला. आमच्या गायन पार्टीत कुठलंही गाणं असो, लग्नाचं, दारूबंदीचं, महागाईचं, त्याचा शेवट जयजयकारानंच व्हायला हवा. शेवटचं कडवं म्हणजे मुठी वर, कोरस टिपेला आणि आपल्या माणसांच्या पराक्रमाला सलाम. त्याशिवाय गाणं पुरं झालं असं कुणी मानतच नसे. माझं गाणं चिखलातच संपत होतं. शाहिरानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जेवायला बोलावून भातच वाढला नव्हता. "टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला, आणि आमच्या शूर पूर्वजांवर दोन कडवी त्यानं तिथल्या तिथे रचून जोडली. मी नको नको म्हणत होते, पण माझा आवाज ढोलकीखाली केव्हाच गेला होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी विहारासमोर मांडव गच्च भरला. मागे बुद्धाची शांत मूर्ती, पुढे माईक. वडील पहिल्या रांगेत, कोटावर पदकं लावून. सुरुवातीला सगळ्यांनी पंचशील म्हटलं. त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. ते म्हणताना वडिलांच्या छातीवरची पदकं किणकिणत होती. मला त्या क्षणी प्रश्न पडला, की हा माणूस या दोन्ही गोष्टी एकाच छातीत कशा ठेवत असेल? आजवर हे कधी सुचलंच नव्हतं. पण विचारायची हिंमत कुठली.

मग माझं गाणं सुरू झालं. काय सांगू! चिखलाच्या ओळीला पोरांनी शिट्ट्या मारल्या. बुटाच्या ओळीला टाळ्यांचा ठेका. शाहीर "चिखल!" म्हणाला की मांडव "गुडघाभर!" म्हणून ओरडत होता. जयजयकाराच्या कडव्यापर्यंत येता येता अर्धी तरुण पोरं उभी राहिली होती, आणि सगळ्यांत पुढे माझा भाऊ, मूठ वर करून, घामानं निथळत. वन्स मोर, वन्स मोर! मी लिहिलेल्या मेलेल्या गड्याच्या पाठीवर सगळी वस्ती नाचत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही उड्या मारणारा.

त्या गदारोळात मी पुढच्या रांगेकडे बघितलं. वडिलांची खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं, रागावले. पलटणीच्या माणसाला हे गाणं म्हणजे पलटणीची नालस्ती वाटली असणार. मी मांडवाच्या मागे गेले. ते पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. कोट काढून शेजारी ठेवला होता.

"गाणं तू लिवलंस?"

"हो आबा."

"त्या पाठीवरच्या रस्त्याचं तुला कुनी सांगितलं गो? मी तर कधी बोललो न्हाय."

मी म्हटलं, कॉलेजात शिकवलं. इंग्रजांच्या सैनिकांनी असं सगळं लिहून ठेवलंय, कवितांत.

"सायबानं लिवलंय? भीती वाटली, रडू आलं, असलं सगळं?"

"सगळं."

"आनि छापलंय?"

"छापलंय, आबा. शाळा-कॉलेजात शिकवतात."

मांडवात पुन्हा ढोलकी सुरू झाली. वडील म्हणाले, "बर्मात आमीबी तसंच केलं. पाऊस, चिखल. दुसरी वाटच न्हवती. तो गडी खाली होता, दापोलीचा. पाय ठेवून पुढं गेलो." मग त्यांनी विचारलं, "हे सायबानं लिवलं कोनत्या लढाईत? आमच्या?"

"नाही. तुमच्या आधीच्या. पहिल्या."

"आदीच्या?" त्यांना ते पटेना. "म्हंजी आमाला न्यायच्या आदी सगळं म्हाईत होतं त्यांना? लिवून, छापून, पोरांना शिकवून झालं होतं? मग दुसऱ्यांदा गेले कशाला?"

वडिलांना असं हतबुद्ध झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला मी तो प्रश्न मॅडमसमोर ठेवला. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पण लगेच घातला नाही. मग म्हणाल्या, की दोन युद्धांच्या मधल्या काळात तिकडच्या पुष्कळ तरुणांनी खरोखरच शपथा घेतल्या होत्या, आम्ही पुन्हा हत्यार उचलणार नाही म्हणून. त्यात या कवितांचा वाटा मोठा होता. पण समोरून हिटलरसारखा माणूस चालून आला तेव्हा त्यातले बरेच जण लढायला गेले. थोडे शपथेला चिकटून राहिले. त्यांतले काही तुरुंगात गेले, काहींनी जखमी उचलायचं काम पत्करलं.

"मग कवितांनी काय केलं?" मी विचारलं. माझ्या आवाजात जरा चीड असावी.

"पहिल्या वेळी ती मुलं गाणी म्हणत गेली होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी कुणाला फारसं गावंसं वाटलं नाही. मला वाटतं, एवढंच."

एवढंच? बसमधून घरी येताना मी त्यावर विचार करत होते. मला त्या उत्तरानं निराश व्हायला हवं होतं, पण झाले नाही. माझं कुतूहल उलट वाढलंच. माणूस जायचा तर जाणारच, पण कसा जातो यात फरक पडत असेल का? पडला तर तो कुणाला, जाणाऱ्याला की पाठवणाऱ्याला?

मॅडमचं उत्तर मी वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. ते कामावर जायला निघाले होते, बुटाची नाडी बांधत होते. "आमच्या बोटीवर बँड होता," म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधू लागले.

भावाला सकाळी पळवणं त्यांनी बंद केलं नाही. मला वाटलं होतं करतील. फक्त पूर्वी ते खालून "चल, चल" ओरडायचे, ते आता नुसते उभे राहायचे. भाऊ धावला, मोजला गेला, पास झाला. पेढे वाटले गेले. माझी कविता हरली, हे मी मनाशी कबूल करून टाकलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि भावाला मिळणाऱ्या गणवेशाचा थोडा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटलं. वडिलांच्या छातीत दोन्ही गोष्टी कशा राहतात, ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

तो निघाला त्या सकाळी सगळी वस्ती रस्त्यावर आली होती. गायन पार्टी तर पेटी-ढोलकीसकट हजर. शाहिरानं हाराची पिशवी माझ्या हातात दिली आणि सुरू केलं माझंच गाणं! चिखल, गुडघाभर. भाऊ हसत होता, मित्रांच्या खांद्यावर हात टाकून तोही कोरसमध्ये ओरडत होता. आई पदरानं डोळे पुसत होती. लांबून बस येताना दिसली.

वडील गर्दीतून पुढे गेले आणि त्यांनी ढोलकीवर आपला पंजा ठेवला. ठेका तुटला.

"वाजवू नका," ते म्हणाले. "त्याला नीट जाऊ द्या."

शाहीर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. कुणाला काही कळेना. वडील भावासमोर उभे राहिले. त्यांनी त्याच्या गळ्यातला हार काढून आईच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"कसम परेडच्या, शपथ घ्यायच्या आदी सोडून येता येतं. मला म्हाईत हाय. नको वाटलं तर सरळ नको म्हनायचं आनि घरी यायचं. लोक काय बोलतील ते मी बघून घेईन. ह्या घरात तुला कुनी भित्रा म्हननार न्हाय."

ज्या माणसाच्या बापानं भरतीचं दार उघडावं म्हणून अंगठा उठवला होता, तो हे भर रस्त्यात, सगळ्या वस्तीसमोर म्हणाला. बस येऊन थांबली होती. कंडक्टर घंटी मारत होता. भावाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. आपण खरोखर कुठे चाललोय हे इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदाच कळल्यासारखं दिसलं. त्यानं वडिलांचा हात घट्ट धरला आणि लहानपणी सोडायचा नाही, तसा तो सोडेचना. शेवटी वडिलांनीच तो सोडवला, आणि मग भाऊ बसमध्ये चढला.