पेंटरमामांच्या होडीचा नंबर

तळ्यावर हौसेने होड्या ठेवणारी जी जमात असते, तिच्याबद्दल पेंटरमामांचं मत पहिल्यापासून वाईट होतं. रविवारी पांढरी टोपी घालायची, पोट सावरत होडीत बसायचं, दोरीची गाठ सुटली नाही की बायकोवर खेकसायचं आणि परत काठाला लागलं की समुद्र ओलांडून आल्यासारखा चेहरा करायचा. मामांचे साडू यातलेच. त्यामुळे साठी उलटल्यावर मामांनी स्वतःच छोट्या इंजिनाची होडी घेतली, तेव्हा मामींनी विचारलं, "त्या माकडांत आणखी एक कशाला?"

"होडी कशी दिसायला हवी ते दाखवायला," मामा म्हणाले.

मामांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि साधं अक्षर लिहिणं हा त्यांच्या लेखी आळशीपणा होता. न्हाव्याच्या पाटीत ते वेलांटीला कंगव्याचे दात काढत. दातांच्या डॉक्टरच्या पाटीला त्यांनी अशी महिरप घातली होती, की लोक आत जाऊन लग्नाच्या हॉलचं भाडं विचारत. पुढे यंत्रावर कापलेली स्टिकरची अक्षरं आली आणि मामांचं काम बसलं. तेव्हापासून स्टिकर लावणारा माणूस त्यांच्या मनातून उतरायला वेळ लागत नसे. साडूंच्या होडीवर स्टिकरच होते.

मामांच्या होडीची नोंदणी झाली, विमा झाला, लाइफ जॅकेटं आली, आग विझवायचं नळकांडं आलं. राहिला नंबर. सरकारी नियम असा, की नंबर पुढच्या बाजूला दोन्ही अंगांवर लिहायचा. अक्षरं वीतभर उंच आणि साधी, रंग एकच आणि उठून दिसणारा. कुणी कुणाला धडकलं तर काठावरून वाचता यायला हवा. मामांनी नियम वाचला आणि त्यातलं फक्त 'वीतभर' घेतलं. बाकीचं स्टिकरवाल्यांसाठी असावं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तपासणीला साहेब आले आणि धक्क्याच्या टोकाला उभे राहिले.

"नंबर कुठंय?"

"समोर."

"ती नक्षी झाली. नंबर कुठंय?"

"साहेब, चष्मा बदलायला झालाय तुमचा."

साहेबांनी धक्क्यावरच्या रखवालदाराला हाक मारली. "हे वाच रे."

रखवालदाराने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. "बदक," तो म्हणाला. "मग साप. मग परत बदक."

"नामंजूर," साहेब म्हणाले. "साध्या अक्षरांत लिहा. शनिवारी माझी या मोसमातली शेवटची फेरी. तेव्हा बदकं दिसली, तर होडी पाण्यात पुढच्या वर्षी."

बातमी साडूंकडे पोचायला कितीसा वेळ लागणार? ते स्टिकरची गुंडाळी घेऊनच आले. "दादा, माझ्याकडची उरलीत. चहा होईपर्यंत लावून होईल."

"औषधाच्या बाटलीला लावा," मामा म्हणाले, आणि चहा न देता त्यांना वाटेला लावलं.

मामी मात्र चिडल्या. साडूंची बायको म्हणजे मामींची थोरली बहीण, आणि ती गेली कित्येक वर्षं होडीतून हात हलवत होती. "मी ताईला सांगून बसलेय, या रविवारी आम्ही पाण्यात असू. तुमच्या बदकांपायी आता वर्षभर तिचं ऐकून घेऊ?"

मामांनी बदकं खरवडली आणि काळा रंग घेतला. मामी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन शेजारी स्टुलावर बसल्या. नऊचा आकडा आला. मामांचा हात खाली आला आणि थांबेचना.

"शेपटी," मामी म्हणाल्या आणि आकडा पुसून टाकला.

"आपोआप आली."

"आवरा तिला."

दोनच्या आकड्याला चोच फुटली, तीही पुसली गेली. जन्मभर वळणं घेत चाललेला हात सरळ चालताना लहान पोरासारखा अडखळत होता, आणि मामा सगळ्या सरकारी आकड्यांना शिव्या देत होते. शुक्रवारी दोन्ही अंगं लिहून झाली. मामांनी लांब जाऊन बघितलं आणि त्यांचं तोंड आंबट झालं.

"संडासाच्या दारावर लिहितात तसं दिसतंय."

"ते दार कधी कुणाला चुकत नाही," मामी म्हणाल्या.

शनिवारी साहेबांनी रस्त्यावरूनच नंबर वाचला. "वा, सुबक आलंय हं."

"शिवी दिली असतीत तरी चाललं असतं," मामा म्हणाले, पण मंजुरी घेतली.

रविवारी मामांनी इंजिनाची दोरी ओढली आणि होडी तडक तळ्याच्या मध्यावर नेली. तिथून माणसं मुंगीएवढी दिसत होती. धक्क्यावर एक मुंगी दोन्ही हात हलवत होती.

"अहो, काठाकाठाने घ्या की. ताई हात करतेय."

"करू दे."

"तिला आपण दिसत नसू इथे."

"म्हणूनच इथे आलोय. तो नंबर घेऊन मी तुझ्या मेहुण्यांपुढून जाणार नाही."

"त्यांच्याही होडीवर नंबरच आहे."

"त्यांनी तो लिहिला नाही. हा मी लिहिलाय."

इतक्या हट्टी माणसाशी पाण्यात भांडू नये, एवढं मामींना कळत होतं. शेवटी मामांनी तडजोड म्हणून होडी जराशी काठाकडे आणली, पण उलटी. मागची बाजू तेवढी धक्क्याकडे ठेवली, कारण सरकारने तिथे काही लिहायला सांगितलं नव्हतं. मग इंजिन रिव्हर्समध्ये टाकून ते तसेच, पाठमोरे, पाण्याला शिव्या देत सरकत राहिले, आणि मामी त्यांच्याकडे पाठ करून बसल्या आणि ताईला हात करू लागल्या.