मास्तरांची दोन बोटं

पोटाभोवती टेप गेली की माणूस श्वास आत ओढतो, या एका गोष्टीने मास्तरांचं निम्मं आयुष्य कडू करून टाकलं होतं. शिंप्याला वैताग आणणाऱ्या माणसांची तशी कमी नसते. तोंडात टाचण्या असताना नेमका प्रश्न विचारणारे असतात, कापडाच्या कात्रीने कागद कापणारे असतात, कापायच्या टेबलावर कोपरं रोवून गप्पा ठोकणारे असतात. मास्तर या सगळ्यांकडे चष्म्यावरून नुसते बघायचे आणि बरेचसे तिथेच गार व्हायचे. पोट आत घेणाऱ्यांपुढे मात्र त्यांची मात्रा चालत नसे.

"सोडा, पोट सोडा," मास्तर म्हणत.

"सोडलंय की," गिऱ्हाईक गुदमरल्या आवाजात म्हणे.

मग मास्तरांनी यावर तोड काढली. टेप सांगेल ते माप मोठ्याने बोलायचं आणि कापताना पोटाला गुपचूप दोन बोटं वाढवायची. कपडा अंगात झकास बसायचा. गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून बघायचं आणि आपलं माप कॉलेजात होतं तेच आहे म्हणून मास्तरांनाच ऐकवायचं. मास्तर मान डोलवत आणि मनातल्या मनात दातओठ खात. काजं-बटणं करणारी त्यांची बायको तेवढी हे ओळखून होती, पण नवऱ्याच्या रागाचं एक तरी झाकण बंद राहावं म्हणून ती कधी विषय काढत नसे.

अशा दुकानात एका संध्याकाळी त्यांची धाकटी मुलगी धापा टाकत शिरली. ऑफिस सुटल्यावर ती समूहगानाच्या एका ग्रुपमध्ये गायची. ग्रुपचा मोठ्या सभागृहातला पहिलावहिला कार्यक्रम ठरला होता, सगळ्यांना एकसारखी जाकिटं हवी होती, आणि तयार कपड्यांच्या दुकानात जायला निघालेल्या मंडळींना हिने दारातच अडवलं होतं.

"मी सांगितलं, माझे बाबा शिवतील. आमच्या गाण्याच्या बाई हो म्हणाल्या. बाबा, सगळ्यांची जाकिटं!"

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. आयुष्यभर त्यांनी एकेका माणसाचे कपडे शिवले होते. आपण शिवलेलं इतकं सगळं एकदम, एका रांगेत, दिव्यांच्या झोतात उभं राहणार, हा विचारच त्यांना बसू देईना. दुकानात तीन पावलांची जागा होती, तेवढ्यात ते फेऱ्या मारू लागले.

"एकच सांगते," मुलगी जरा गंभीर झाली. "कुणाच्या अंगावर खेकसू नका. ती सगळी माझी माणसं आहेत. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय."

"मी कधी खेकसतो?" मास्तर खेकसले.

मापं घ्यायला मंडळी आली तेव्हा मास्तर इतके गोड वागले की बायको दोनदा मशीन थांबवून बघत राहिली. गाणं बसवणाऱ्या बाई, बँकेतला धिप्पाड कॅशियर, शाळेतली चित्रकलेची मास्तरीण, सगळे एकेक करून निमूट उभे राहिले. कुणी हुं की चूं केलं नाही. मास्तरांना वाटलं, गाणारी माणसं ही, श्वास चोरण्यात मुरलेली, यांनी पोट आत घेतलेलं कळणारसुद्धा नाही. त्यांनी प्रत्येक पोटाला दोन बोटं वाढवली आणि कात्री चालवली. पुढचे कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता. अस्तर कुठलं, बटण कुठलं, गळा किती खोल, जेवतानासुद्धा मास्तर बोट ताटाच्या कडेवरून फिरवून गळ्याचा आकार दाखवत.

ज्याची त्याची नोकरी सांभाळून सगळ्यांना एकत्र यायला सापडली ती थेट कार्यक्रमाच्या दिवसाची दुपार. जाकिटं अंगावर चढली. खांदे चपखल, गळा बिनसुरकुतीचा. आणि पोटावर सगळीच्या सगळी ढगळ.

"मास्तर," बाई आपल्या जाकिटात मूठ घालून म्हणाल्या, "यात आमचा तबलजीपण मावेल."

कुणीतरी हसलं. मुलीचा चेहरा उतरला. मास्तरांनी टेप ओढली आणि कॅशियरला परत मापलं. पहिलंच माप आलं, रेघभरही फरक नाही.

"तुम्ही त्या दिवशी पोट आत नव्हतं घेतलं?"

"छे हो. तुमच्या मुलीने सगळ्यांना बजावलं होतं. म्हणाली, पोट आत घेतलेलं बाबांना खपत नाही, सैल सोडून उभे राहा."

"तुम्ही चिडू नये म्हणून," मुलगी पुटपुटली.

मास्तर स्टुलावर बसले. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस येऊन गेला होता आणि त्यांना पत्ताच लागला नव्हता. त्यांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी सगळ्यांसमोर दोन बोटांची गोष्ट सांगून टाकली.

"मग बटणं दोन बोटं सरकवू," बायको म्हणाली आणि तिने सुयांचा डबा उघडला.

एकच धांदल उडाली. ज्याला जमेल तो बटण उसवायला बसला. कुणी कापडाच्या कात्रीने सुईच्या पाकिटाचा कागद कापला. चित्रकलेच्या मास्तरणीने टेबलावर कोपरं रोवली. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या आणि बाई त्यांना विचारत होत्या, होईल ना हो वेळेत? मास्तरांनी सगळं गिळलं. आज चूक त्यांची होती.

कॅशियरचं बटण आधी झालं. जाकीट घालून तो आरशासमोर उभा राहिला, एकदम रुबाबदार दिसला, आणि खुशीत येऊन त्याने खालच्या पट्टीतला आपला सूर लावायला श्वास भरला. बटण सुटलं ते आरशावर टण्‌कन आपटलं.



"परत बघू," मास्तर टाचण्या थुंकून म्हणाले. त्यांनी दुसऱ्या एकाला न बदललेलं, ढगळ जाकीट चढवलं. "तू गा. पोटभर श्वास घेऊन गा."

तो गायला. जाकीट पुढून भरत गेलं आणि जिथे भरून थांबायचं तिथे थांबलं. कुठे ताण नाही, कुठे घडी नाही. मास्तरांनी तिसऱ्याला उभं केलं, चौथ्याला केलं, आणि मग ते मुलांसारखे टाळ्या पिटायला लागले.

"कुणी बटणाला हात लावू नका. उसवलेली जागच्या जागी लावा."

"पण उभे राहिलो की गबाळे दिसतो," बाई म्हणाल्या.

"उभं राहायला बोलावलंय का तुम्हाला? गायला बोलावलंय ना?"

बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, आपलं ढगळ जाकीट खाली ओढून सारखं केलं आणि म्हणाली, "बाबा म्हणतात तसंच राहू दे."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मास्तर आणि त्यांची बायको मागच्या रांगेत बसले. पडदा सरकला, मंडळी रांगेत येऊन उभी राहिली, आणि पुढे कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून फिस्‌कन हसलं. मास्तरांना ते बरोबर ऐकू आलं. रांगेच्या टोकाला मुलगी सरळ समोर बघत उभी होती. तिचं जाकीट पोटावर लोंबत होतं.

बाईंनी हात वर केला. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, आणि रांगेतली सगळी जाकिटं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम भरली. जणू तेव्हाच अंगावर बेतली. मग सूर आला. पुढचा तो हसणारा माणूस खुर्चीत ताठ झाला. गाणं चढत गेलं, एक बटण हललं नाही, आणि शेवटचा लांब सूर संपताच सभागृह उभं राहिलं. मुलगी त्या गर्दीत मागची रांग शोधत होती.

मास्तर मात्र उठले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. बायकोने वाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या पोटावर हलकेच हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "सोडा आता."

मास्तरांनी पोट सोडलं आणि मोठ्ठा श्वास घेतला.